द्राक्षाचं खोड

साप फांदीवरून पडतो, हे मी तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं. सकाळी चहा गाळत होते, तेवढ्यात हॉलमधून धप्पकन आवाज आला. धावत गेले तर काचेच्या जुन्या शोकेसमध्ये अजगर उताणा पडलेला. तोंड अर्धवट उघडं, त्यातून लाळ. सरळ व्हायला जायचा आणि पुन्हा कलंडायचा. गाळणी माझ्या हातात तशीच, आणि चहा फरशीवर ठिबकतोय.

हा अजगर आमचा नव्हे. माझे मिस्टर, दिनेश, सातपूरच्या कारखान्यात फिटर आणि उरलेल्या वेळात सर्पमित्र. नांगराचा फाळ लागलेलं हे अजगराचं पिल्लू वनखात्याने जखम भरेपर्यंत यांच्याकडे सांभाळायला दिलं होतं. जखम भरली, पण पडून पडून अंग ढिलं झालं होतं. त्याला चढायला लाकूड हवं, म्हणून यांनी महिनाभर माझं डोकं खाल्लं. पॅकिंगच्या खोक्यांचं नको, त्याचा राळेचा वास सापाला बाधतो. कण्हेर नको, ती विषारी. रुईला चीक. सागाची फळी फुकट मिळत होती, तर तिला पॉलिश. "मला बघायला आलात तेव्हा एवढी चौकशी केली नव्हती," असं मी म्हटलंसुद्धा.

दोन हजार चारची दिवाळी नुकतीच झाली होती. निफाडकडे माझ्या धाकट्या भावाची, लखनची, द्राक्षबाग. त्याची बायको ललिता त्याच आठवड्यात आमच्याकडे आली होती, डॉक्टरला दाखवायला. बागेची छाटणी झाली की तिला चक्कर, घाम, हातांना कंप. गावच्या डॉक्टरने अशक्तपणाच्या गोळ्या दिल्या. घरचे म्हणायचे, कामाच्या दिवसांतच बरी आजारी पडते! लखनने तर सांगूनच टाकलं होतं, "नाशकातल्या डॉक्टरला काय सापडलं नाय, तर सटाण्याला माहेरी सोडून येतो. कायमची." आणि आमच्याकडे आल्यावर ही बाई ठणठणीत! रक्त तपासलं, सगळं ठीक. मी भांडून भांडून तिची बाजू घेत होते, पण आता माझ्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं.

रविवारी लखन तिला न्यायला आला. येताना दाजींसाठी द्राक्षवेलीचं खोड घेऊन आला. पाइपलाइन टाकायला बागेतली एक ओळ उपटली होती, त्यातलं. काय देखणं होतं ते! पिळदार, फाटे फुटलेलं, ना चीक ना वास. हे तर हरखूनच गेले. ललिताने ते मोरीत नेऊन नारळाच्या शेंडीने घासलं, सुटलेली साल नखांनी खरवडून काढली, उन्हात वाळवलं. संध्याकाळी खोड शोकेसमध्ये गेलं आणि अजगर लगेच त्याच्यावर चढून बसला. आम्ही सगळे कौतुकाने बघत होतो.

रात्री जेवताना ललिताच्या हातातला घास गळून पडला. कपाळावर घाम, हात लटलट कापत होते, तोंडाला पाणी सुटलेलं.

"बघितलंस ताई? मी आलो का हिचं चालू," लखन म्हणाला.

ललिता ताटावरून उठली. भिंतीकडे तोंड करून निजली.

आणि सकाळी हे असं. यांनी अजगराला उचलून मोरीत नेलं, अंगावर पाणी सोडलं, मग टबात ठेवलं. "याच्या अंगाला काहीतरी लागलंय," हे म्हणाले. "लखन, त्या खोडाला काय लावलं होतं?"

"मिलीबगचं, त्या पांढऱ्या किडीचं औषध. छाटणीनंतर साल काढून खोडाला चोपडावंच लागतं. मागल्या महिन्यात चोपडलंय."

"कोण चोपडतं?" मी विचारलं.

"बाया. ही असतीच त्यांच्यासंगं."

"कशाने?"

"फडक्यानं." मग हळूच म्हणाला, "हातानं."

ललिता उठून मोरीच्या दारात आली होती. टबात अजगराची मान सुटलेली, अंगभर थरथर, तोंडातून लाळेची तार. ती वाकून बघतच राहिली.

"ताई," ती म्हणाली, "मला आस्संच व्हतं."

यांनी हातातला पाण्याचा मग खाली ठेवला.

"हातमोजे नाही देत रे बायांना?" यांनी विचारलं.

"दुकानदारानं दिले व्हते बाटलीसंगं." लखन फरशीकडे बघत होता. "पण मोजे घातल्यावर काम उरकत नाय, दाजी. म्हणून मीच काढाया लावले."

या पोराला मी कडेवर घेऊन वाढवलं होतं. त्याच्या दोन मुस्कटात द्याव्यात असं वाटत होतं आणि माझा हात उचलत नव्हता. मी नुसती बघत राहिले, हा आपला लखनच ना, म्हणून.

"अजगराचं मी बघतो," हे म्हणाले. "तुम्ही आधी हिला हॉस्पिटलात न्या. लखन, औषधाचं नाव कागदावर लिहून घे. डॉक्टरला तेच पहिलं सांगायचं."

लखन उलट्यासुलट्या चपला घालून रिक्षा आणायला पळाला. मी ललिताच्या खांद्यावर शाल टाकली. ती हलेना. तिने माझा दंड घट्ट धरला, तिची बोटं अजून कापत होती.

"म्हंजे ताई, मी सोंग करत नव्हते ना?"

ती खरंच विचारत होती.