रबरी चाकांची खुर्ची

आमच्या जुन्या चालीच्या ख्रिस्ती वसाहतीत ट्रॅक्टरला लोखंडी चाके असतात. रबरी चाके आली की तरुण मुले शहराकडे पळतात, असे ज्या सात जणांनी ठरवले, त्यांत माझे यजमान इसब्रांट निउडॉर्फ सर्वांत तावातावाने बोलले होते. घोडा ओढत असेल त्या गाडीला मात्र रबर चालते, कारण घोड्याला दमण्याची अक्कल असते. हे वाक्यही त्यांचेच.

त्यानंतर बेचाळीस वर्षांनी त्यांचे गुडघे गेले आणि शहरातल्या दवाखान्याने त्यांना चाकांची खुर्ची दिली. चाके रबराची होती.

पहिल्या दिवशी ते अंगणातच फिरले. दुसऱ्या दिवशी चीज कारखान्याच्या उतारावरून त्यांनी ती स्वतःच्या हातांनी अशी सोडली, की शेजारच्या फेर कुटुंबाच्या कोंबड्या कुंपणावर चढल्या. चौऱ्याऐंशीव्या वर्षी या माणसाला वेग सापडला. तेरा मुलांच्या बापाला मी त्या दिवशी प्रथमच मोठ्याने हसताना ऐकले.

आठवड्याच्या आत धर्मगुरू बेर्नहार्ट क्नेल्सन सहा उपदेशकांसह आमच्या स्वयंपाकघरात आले. खुर्ची मधोमध ठेवून सगळे तिच्याभोवती बसले. एकाने चाक दाबून पाहिले आणि बोट विजारीला पुसले.

"काकू, दुसऱ्या कोणी ढकलली तर ही खुर्ची," क्नेल्सन मला म्हणाले. "काकांनी स्वतः चालवली, तर ते आपोआप चालणारं वाहन झालं. तेही रबरावर."

"मग?"

"मग त्यांना मंडळीबाहेर काढावं लागेल. आणि बाहेरच्याला आपण कुंपणाबाहेर पुरतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको."

नकोच होते. दफनभूमीत माझी जागा ठरलेली आहे आणि तिच्या डावीकडची त्यांची. एकसष्ट वर्षे माझ्या डाव्या बाजूला घोरलेला माणूस शेवटी कुंपणापलीकडे जाऊन पडेल, हे मी चालवून घेणार नव्हते.

आमचा डीट्रिख लोहार आहे. त्याने खुर्चीला लोखंडी, दातेरी चाके बसवली. तिचे वजन वासराएवढे झाले आणि पहिल्याच रविवारी प्रार्थनाघराची लाकडी जमीन नांगरून निघाली.

"आई, आता यात सोयाबीन पेरू की ज्वारी?" डीट्रिख म्हणाला. त्याने रबर परत बसवले आणि मी खुर्चीला घोडी जुंपायला लावली.

"अगं युस्टिना, ही घोडी माझ्यापेक्षा म्हातारी आहे," इसब्रांट कुरकुरले. "ही पोचेल तोवर शेवटचं स्तोत्रही संपेल."

"अहो, तिला दमण्याची अक्कल आहे."

क्नेल्सन यांनी पट्टे आणि लगाम ओढून पाहिले आणि मान डोलावली.

पाच रविवार नीट गेले. सहाव्या रविवारी इसब्रांट नेहमीप्रमाणे आधी निघाले आणि मी मागून चालत गेले. उताराच्या माथ्यावर घोडी खांबाला दुहेरी गाठीने बांधलेली होती आणि निवांत चरत होती. खुर्ची नव्हती.

ती खाली ज्वारीच्या शेतात सापडली. टोपी तिच्याही पुढे. इसब्रांट ताठ बसलेले होते. तोंड हसता हसता थांबलेले, दोन्ही हात चाकांवर. श्वास नव्हता.

मी थोडा वेळ त्यांच्याशी भांडले. "लाज नाही वाटली? रविवार आहे आज!" त्यांनी नेहमीसारखे उत्तर दिले नाही. मग मी त्यांचे डोळे मिटले आणि चाकांवरून एकेक बोट सोडवले.

घोडी आणून परत जुंपली असती तर सगळेच सुटले असते. पण ते खोटे झाले असते, आणि निउडॉर्फांच्या घरात मी कोणालाही खोटे वागू दिलेले नाही. खुर्चीला लोंबणारे पट्टे मी स्वतःच्या खांद्यावर घेतले.

प्रार्थनाघरात मी पुरुषांच्या दारातून शिरले. स्तोत्र मधेच थांबले.

"काका गेले?" क्नेल्सन यांनी विचारले.

"गेले."

"आणि खुर्ची... ती कोण ओढत होतं?"

"डोळे आहेत ना तुम्हाला? पट्टे कोणाच्या खांद्यावर आहेत?"

सहा उपदेशकांनी डोकी एकत्र केली. "बायकोने ओढण्याबद्दल नियमात काहीच नाही," त्यांतला एक शेवटी म्हणाला.

"असेल कसं?" मी म्हणाले. "साठ वर्षं ओढतेय, तुम्हाला कधी दिसलंच नाही."

त्यांनी पुढे काही विचारले नाही. विचारले असते तर मी सांगितले असते.

उन्हाळा म्हणून दफन दुसऱ्याच दिवशी झाले, माझ्या जागेच्या डावीकडे. त्यांना आंघोळ मी एकटीने घातली, सुनांना आत येऊ दिले नाही. तळहात रबराने काळे झाले होते. साबण हाताशी होता. मी ते तसेच राहू दिले आणि पालथे करून त्यांच्या छातीवर ठेवले.