आवाजाची जागा

आत्याचा आवाज असा होता, की बसच्या मागच्या दारातून तिने "पुढे सरका" म्हटलं तर ड्रायव्हरसुद्धा दचकून सीटवर पुढे सरकायचा. कंडक्टरकीत तिचा निम्मा जन्म गेला, पण त्या आवाजाचं असं सोनं होईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. भावाची मुलगी बारकी लांब उडी मारायला लागली, आणि आत्याला देशोदेशीच्या मैदानांवर जाऊन ओरडायचं काम मिळालं.

बारकी आता आत्यापेक्षा चांगली वीतभर उंच होती, पण नाव बारकीच राहिलं. लहानपणी तापात तिची दृष्टी गेली होती. तिचे सर तिला धावपट्टीवर नेऊन सरळ उभं करत. वाळूच्या खड्ड्याच्या पलीकडच्या टोकाला, नेमकी मधोमध, आत्या उभी राही आणि हाका मारी, "पुढे, पुढे, पुढे." त्या हाकांच्या रोखाने बारकी जीव खाऊन धावायची आणि उडी मारायची. आत्याला नियम दोनच होते. आवाजाने जागा सोडायची नाही, आणि पोरगी भलतीकडे जायला लागली तर "थांब" म्हणून ओरडायचं. बाकी सगळं बारकी बघून घेई.

पण एका जागी उभं राहणं आत्याच्या रक्तातच नाही. बारकीची नजर गेली तेव्हा घरातल्या टेबलाचे, पलंगाचे, अगदी शिलाई मशीनचेही कोपरे तिनेच जुन्या चादरींच्या चिंध्यांनी बांधून काढले होते. पोरगी अडखळायच्या आत आत्याचे हात तिथे पोचलेले असायचे. वहिनी म्हणायची, "वन्सं, एकदा तिला पडू तर द्या." आत्या म्हणायची, "पडायला अख्खा जन्म पडलाय."

तेच आज नडलं, आणि तेही जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत. पाचव्या उडीला बारकी धावता धावता डावीकडे कलली. त्या बाजूला खड्ड्याची सिमेंटची कड होती. आत्याला ती कड दिसली आणि "थांब" तोंडातून निघायच्या आत तिचे पाय सुटले. दोन्ही हात पसरून ती त्या कडेकडे धावली, आणि धावतानाही तोंडाने "पुढे, पुढे" चालूच. बारकीने बिचारीने काय करावं? ती इमानाने आवाजामागे गेली. अर्धी वाळूत पडली, अर्धी कडेवर. कोपर फुटलं, गुडघा सोलवटला, उडी बाद झाली. वाचवायला गेलेल्या आत्यानेच पोरीला कडेवर नेऊन आपटलं होतं.

आता बारकी चौथी होती आणि एकच उडी उरली होती. पदक मिळायचं तर तिच्यातच.

बाकावर डॉक्टरीणबाई तिचं कोपर पुसत होत्या. आत्या सरांकडे वळली.

"सर, या उडीला तुम्ही हाका मारा," ती म्हणाली. "माझ्या पायांचा भरवसा नाही."

"मारतो की," सर म्हणाले. त्यांनाही मनातून तेच हवं होतं.

"सर नकोत," बारकी म्हणाली. "ते रागावले तरी गोड बोलतात. धावता धावता मला झोप लागेल."

सर हसले. आत्या हसली नाही.

"बारके, मी तुला आपटलं गं."

"हो, आणि दुखतंयही." बारकीने चाचपडून तिचा हात धरला. "आत्या, कड तुला दिसते. मला फक्त तू कुठं आहेस तेवढं कळतं. तू हललीस की माझं सगळं मैदान हलतं."

"आणि परत तिकडं गेलीस तर?"

"तर थांब म्हण, मी थांबेन. उडी गेली तर गेली. पण धरायला येऊ नकोस."

सुट्ट्या पैशांवरून भल्याभल्यांना गार केलेल्या आत्याने पोरीचं ऐकलं.

ती आपल्या जागेवर गेली. बूट काढले आणि दोन्ही पाय घोट्यापर्यंत वाळूत रुतवले. बसमध्ये धरायला दांडा असायचा, इथे काहीच नव्हतं. मग तिने हात पाठीमागे नेले आणि आपलंच मनगट घट्ट धरून ठेवलं.

पंचाने हात वर केला तसं सगळं मैदान चिडीचूप झालं. पलीकडे बारकी जिवाचा कान करून उभी होती.

"पुढे," आत्याने हाक दिली. "पुढे, पुढे, पुढे."

बारकी सुटली. निम्म्या वाटेवर ती पुन्हा डावीकडे कलली, अगदी थोडी. आत्याच्या ओठांवर "थांब" आलं होतं. तिने कडेकडे बघायचं सोडून बारकीच्या पावलांकडे बघितलं. अजून जागा होती. आत्याने श्वास भरला आणि सगळा जीव आवाजात घातला, "पुढे!"

बारकीचं तोंड हाकेकडे वळलं, पाठोपाठ खांदे वळले, पाय वळले. तिने उडी घेतली. पोरगी हवेत असताना आत्याचं सगळं अंग पुढे झुकलं, पाय तेवढे वाळूतच राहिले.

मग मैदानाने एकच गलका केला. फलक बघून सर नाचत सुटले. "तिसरी! तिसरी आली!"

आत्या होती तिथेच उभी होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंडाने ती हळूहळू "पुढे, पुढे" म्हणतच होती. त्या आवाजाच्या रोखाने वाळूने माखलेली बारकी एकटी, सरळ चालत आली. तिने आत्याचे खांदे चाचपले, मग दंड, आणि पाठीमागे घट्ट आवळलेले हात तिला सापडले. मनगटावरची बोटं तिने एकेक करून सोडवली.

"आत्या," ती म्हणाली, "आता हललीस तरी चालेल."