मागच्या दाराची टोपली

मित्रांनो, माझी मूठ बघितलीत? एका बाजूला ती अगदी गुळगुळीत झाली आहे, ओढ्यातल्या गोट्यासारखी. इतकी वर्षं इतक्या जणींनी मला उचललं, आणि सगळ्यांनी नेमकं तिथंच धरलं. माझं बूड दोनदा बदललं, काठाचे चार फोक तुटले, रंग तर कधीच उडाला. मी एक जुनी टोपली आहे, वाळुंजाच्या फोकांची. माझी गोष्ट फार मोठी नाही, पण ती पहिल्यापासून सांगायला माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही.

वेल्समधलं नांटवेन हे माझं गाव. पाटीच्या दगडाचा डोंगर, पाटीच्या दगडाच्या भिंती, पाटीच्या दगडाची छपरं. सर येऊन गेली की सगळं गाव नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखं दिसायचं. गावाखालच्या ओढ्याकाठी वाळुंजाची झाडं होती. ऑल्वेन नावाच्या बाईनं भर थंडीत माझे फोक कापले, त्याच ओढ्यात भिजत घातले, आणि चुलीपाशी बसून मला विणलं. विणताना ती गुणगुणायची,

वाक गं वाळुंजे, वाक जराशी,
मोडू नको बाई, चल घराशी.
वाऱ्यानं काकडली तुझी गं काया,
चुलीच्या उबेला बस माझ्या बाया.

ते गाणं माझ्या विणीत राहून गेलं आहे. अजूनही मला कुणी दाबून धरलं की मी करकरते ना, ते तेच.

पहिली काही वर्षं मी अंडी वाहिली, लोणी वाहिलं, चॅपलच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराच्या, सणाला मनुकांचे पाव वाहिले. मग इद्वालची गोष्ट घडली आणि माझं आयुष्य बदललं.

इद्वाल खाणीत काम केलेला म्हातारा, एकटा राहायचा. छातीच्या दुखण्यानं तो कितीतरी दिवस शहरातल्या इस्पितळात होता. बरा झाला आणि एका संध्याकाळी बसनं एकटाच घरी आला. कुणाला पत्ता नाही. घर गारठलेलं, अंथरूण ओलसर, दूध नासलेलं, पावावर हिरवी बुरशी. आठवडा उलटायच्या आत त्याला पुन्हा त्याच खाटेवर नेऊन झोपवावं लागलं. तिथून तो आला नाही.

चॅपलमध्ये बायका हळहळल्या. ऑल्वेन म्हणाली, "इस्पितळानं बरा केला गं त्याला, आणि घरानं मारला."

"घराला कशाला बोल लावतेस?" मागच्या बाकावरून आवाज आला. "घराला हात असते तर त्यानं चूल पेटवली असती. हात आपल्याला आहेत."

ती नेस्टा. उंच, हाडकुळी, जिभेची तिखट. चॅपलमधल्या सगळ्याजणी तिला जरा दबकूनच असायच्या. त्या दिवशी मात्र सगळ्या तिच्याभोवती जमल्या, आणि आमचं शेजारमंडळ सुरू झालं.

मंडळाचं काम साधं होतं. गावातलं कुणी म्हातारं माणूस इस्पितळातून सुटणार असलं की आदल्या दिवशी नेस्टा बसनं तिकडं जायची आणि त्याच्या खाटेशी बसून नाही नाही त्या चौकश्या करायची. कुठल्या कपातून चहा पिता? पलंगाच्या कुठल्या बाजूनं उतरता? रात्री दिवा लागतो की अंधार? डॉक्टरांना वाटायचं, काय चोंबडी बाई आहे! मग ती परत येऊन मला भरायची. दूध, पाव, लोणी, चहाची पूड, काड्यापेटी, गरम पाण्याची रबरी पिशवी. घरात जाऊन ती चूल पेटवायची, अंथरूण शेकवायची, पाय अडकेल असा गालिचा गुंडाळून ठेवायची. धुराड्यातून धूर निघाला की सारी गल्ली समजायची, उद्या माणूस घरी येतंय.

आता आमच्याकडची एक रीत तुम्हाला माहीत हवी. नांटवेनमध्ये प्रत्येक घराला दोन दारं. पुढचं दार पितळी कडीचं, रोज लखलखीत पुसलेलं, आणि जवळजवळ कधीच न उघडणारं. त्यातून नवरी बाहेर पडायची, धर्मगुरू आत यायचे, आणि शवपेटी जायची. त्या दारामागची पुढची खोलीही तशीच, चांगल्या कपबश्यांची, पाहुण्यांची आणि दफनापर्यंत ठेवलेल्या मृतांची. बाकी सगळा जन्म मागच्या दारानं आणि स्वयंपाकघरात.

तेव्हा मीही कायम मागच्या दारानंच गेले. दार ढकलायचं आणि हाक द्यायची, "मीच आहे!" आमच्याकडं दार वाजवत नाहीत, वाजवतो तो परका. नेस्टा तर कुलूपबंद, रिकाम्या घरात शिरतानाही हाक द्यायची. ऑल्वेन हसायची.

"अगं, आत कोण बसलंय तुला ओ द्यायला?"

"घर आहे की," नेस्टा म्हणायची. "इतके दिवस एकटं होतं बिचारं."

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस. पाय मोडलेले, डोळ्यांचं ऑपरेशन झालेले, श्वास पुरत नसलेले, किती जणांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मी बसले! एक आजोबा म्हणायचे, "डॉक्टरनं सांगितलं तेव्हा नाही, ही टोपली ओट्यावर दिसली तेव्हा मला पटलं की मी बरा झालो."

मग दिवस पालटले. ऑल्वेन गेली. तिची मुलगी एलेरी मंडळाचं काम बघू लागली. कामसू, मायाळू पोर. तिनं गाडी मिळवली, आजूबाजूची गावं जोडली, आणि माझ्याऐवजी पुठ्ठ्याची खोकी आली. माझी तक्रार नाही. एक टोपली किती घरांना पुरी पडणार? पण आदल्या दिवशी जाऊन खाटेशी बसणं हळूहळू राहून गेलं. नेस्टाचे गुडघे दुखायला लागले होते. तिनं मला आपल्या घरी नेलं आणि माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवले. रोज सकाळी ती मला मागच्या अंगणात न्यायची, दोरीखाली ठेवायची, आणि माझ्याशी बोलायची. "म्हातारे, आपण दोघी आता चिमट्यांपुरत्या."

एका सकाळी ओल्या दगडावर तिचा पाय घसरला. मी तिच्याशेजारीच कलंडले, चिमटे अंगणभर झाले. कंबरेचं हाड मोडलं होतं. तिला झोळीत घालून मागच्या बोळातून नेलं तेव्हा ती कण्हतही होती आणि ओरडतही होती, "ते चिमटे गोळा करा रे, गंजतील!"

मग चिमट्यांसकट मी ओट्यावर आणि घर गप्प. चूल गार. घड्याळ चावीवाचून थांबलं. किती दिवस कुणी "मीच आहे" म्हटलं नाही.

आणि एक दिवस आवाज आले, पण पुढच्या खोलीतून. एलेरी आणि टूडर. टूडर हा मंडळाचा हरहुन्नरी माणूस, जन्मभर बस चालवून आता निवृत्त झालेला. त्यांच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. नेस्टा आता काठीच्या आधारानं दोन पावलं टाकत होती, पण जिना तिला जमणार नव्हता. इस्पितळानं सांगितलं होतं, खाली पलंग हवा, घर उबदार हवं, सकाळ-संध्याकाळ कुणी यायला हवं. नाहीतर समुद्रकाठच्या वृद्धाश्रमात जागा ठेवलेली आहे. इस्पितळातली तिची खाट आजच दुसऱ्याला द्यायची होती.

"तिनं सगळ्या गावासाठी केलं," एलेरी म्हणत होती. "तिला घरातली सगळ्यात चांगली खोली द्यायची. पितळ लख्ख झालं ना? गालिचा काढ. आणि दाराशी तो कठडा पक्का बसलाय का बघ."

"हत्ती बांधला तरी हलणार नाही," टूडर म्हणाला.

त्या मायेनं मलाही भुलवलं असतं. पण मी मनात म्हणत होते, अरे, तिला विचारलंत का?

तेवढ्यात बाहेर ओल्या फरशीवर ठेवलेल्या खोक्याचं बूड फाटलं. टूडर धावत स्वयंपाकघरात आला, मला उचललं, चिमटे ओट्यावर ओतले, आणि दूध, पाव, लोणी माझ्यात भरलं. किती दिवसांनी! आणि मला घेऊन तो पुढच्या दारात उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या उंबऱ्यावर होते.

इस्पितळाची गाडी आली. चालकानं दार उघडलं. नेस्टा वाळून अर्धी झाली होती, पण नजर तशीच धारदार. ती नजर आधी माझ्यावर पडली.

"ती माझी टोपली पुढच्या दारात काय करतेय?"

मग तिला उघडं दार दिसलं. खिडकीतून पुढच्या खोलीतल्या शेकोटीचा जाळ दिसला, पांढरी चादर घातलेला पलंग दिसला. तिचा चेहरा त्या चादरीसारखा झाला.

"एलेरी, मला घरी आणलंत की पोचवायला?"

"मावशी, असं काय बोलता! चांगली उबदार खोली…"

"माझी आई त्या खोलीत होती तीन दिवस. माझा नवरा होता. त्या खोलीत ज्याचा पलंग लागला तो पुन्हा स्वयंपाकघरात आला नाही. मी नाही उतरणार."

"पण मावशी, कठडा तिथंच बसवलाय," टूडर काकुळतीला आला.

"जन्मभर बस चालवलीस, टूडर, आणि माझा थांबा चुकलास?"

कुणाला हसू आलं नाही. चालक घड्याळाकडं बघत म्हणाला, "आजी, मला पुढं जायचंय. उतरणार नसाल तर मला तुम्हाला समुद्रकाठी सोडावं लागेल. इस्पितळात आता जागा नाही."

नेस्टानं डोळे मिटले. ओठ घट्ट. मला ती चांगली ठाऊक. ती गेली असती. मोडली असती, पण त्या दारातून आत आली नसती.

एलेरी मात्र वाकली. गाडीच्या दाराशी, ओल्या रस्त्यावर, चक्क गुडघ्यांवर बसली. खाटेशी बसतात तशी.

"मावशी, चुकलं माझं. आता सांगा. पलंग कुठं हवा?"

डोळे मिटूनच नेस्टा बारीक आवाजात म्हणाली, "चुलीच्या डाव्या हाताला. अंगणातली दोरी दिसली पाहिजे."

"कुठल्या बाजूनं उतरता?"

"उजव्या."

"आणि आत कुठून यायचं?"

नेस्टानं डोळे उघडले. "हे काय विचारणं झालं, पोरी? जिथून गेले तिथून."

मग काय वर्णू, मित्रांनो! टूडरनं मला तिच्या मांडीवर ठेवलं आणि पळाला. गल्लीतली मागची दारं धडाधड उघडली. कुणी पलंगाचा पाय धरला, कुणी गादी डोक्यावर घेतली. शेजारणीनं पुढच्या खोलीतले निखारे फावड्यावर घेऊन स्वयंपाकघराच्या चुलीत नेऊन ओतले. स्वयंपाकाचं टेबल पुढच्या खोलीत गेलं. एवढा मान त्याला कधीच मिळाला नव्हता. चालकानं आधी मान हलवली, मग कोट काढला आणि हात लावला. गाडीत बसून नेस्टा मला घट्ट धरून होती. तिच्या बोटांना माझी ती गुळगुळीत जागा न बघता सापडली. मी करकरले. वाक गं वाळुंजे, वाक जराशी.

बोळाच्या शेवटी दोन उंच पायऱ्या आहेत. तिथं चाकाची खुर्ची चढत नाही. मग टूडर आणि चालकानं तिला स्वयंपाकघरातल्याच लाकडी खुर्चीवर बसवून उचललं.

"सावकाश! बटाट्याचं पोतं नाही मी."

"पोतं बरं, मावशी. ते बोलत नाही," टूडर धापा टाकत म्हणाला. आणि नेस्टा हसली. इतक्या दिवसांनी हसली.

अंगण ओलांडलं. मागचं दार लोटलेलं होतं. आत कुणी नव्हतं, सगळे तिला वाट देऊन अंगणात उभे होते. फक्त चूल नुकती धरत होती. नेस्टानं हात पुढं करून स्वतः दार ढकललं. तिला धाप लागली होती, तरी तिनं मान उंच केली आणि त्या रिकाम्या स्वयंपाकघरात हाक दिली,

"मीच आहे!"

एलेरीनं पदर नसलेल्या बायका पुसतात तसे बाहीनं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी टूडरनं पुढचा कठडा काढून मागच्या दाराशी बसवला. त्याला धरून नेस्टा पुढं कितीतरी हिवाळे अंगणात उतरली. कपडे दुसरंच कुणी वाळत घालायचं. ती खुर्चीत बसून चिमटे द्यायची आणि चुका काढायची.

एका वसंतात मात्र पुढचं दार उघडलं. पितळ लखलखत होतं. सगळं गाव काळ्या कपड्यांत गल्लीत उभं होतं. त्या दिवशी तिनं काही तक्रार केली नाही. त्या दाराचाच तो दिवस होता. एलेरीनं मला हातात घेतलं, क्षणभर थबकली, आणि वळून मागच्या दारानं बाहेर पडली.

आता मी तिच्याकडं असते. खोकी अजून आहेत, गाडीही आहे. पण आदल्या दिवशी एलेरी मला घेऊन इस्पितळात जाते, खाटेशी बसते आणि चोंबडेपणानं विचारते, "तुमचं दार कुठलं?" माझे फोक आता ठिसूळ झाले आहेत. एखाद्या दिवशी माझी मूठ सुटेल आणि चुलीत जाईन. चालेल. कुणाच्या तरी घरी यायच्या दिवशी जळेन, एवढंच मागणं.

मित्रांनो, तुमच्याही गल्लीत कुणी म्हातारं माणूस दुखण्यातून उठून घरी येत असेल. दूध न्या, पाव न्या, चूल पेटवा. पण त्याआधी त्याच्यापाशी जरा बसा आणि त्याला विचारा. आणि त्याच्या घरात शिराल तेव्हा, घर रिकामं असलं तरी, एक हाक द्यायला विसरू नका.