दारासमोरचा फोटो

"इंग्रजीमा घर पुरं व्हयी गयं, नि मराठीमा कुत्रं भाकर लई जास."

कचेरीतल्या बाकावर बसलेल्या भागाबाईंनी हे सांगितलं शेजारणीला, पण आवाज असा लावला की कॉम्प्युटरपाशी पाठ करून बसलेल्या रत्नाला नीट ऐकू जावं. रत्नाला ऐकू गेलं. तिने उगाच दोन-तीन बटणं दाबली.

भागाबाईंची ही आठवड्यातली तिसरी खेप. त्यांच्या गावात अडतीस घरकुलं उभी राहिली होती. भिंती होत्या, वर स्लॅब होता, आणि दाराच्या जागी कुणाकडे जुन्या लुगड्याचा पडदा, कुणाकडे पत्र्याचा तुकडा; कुत्री सरळ आत शिरून भाकरी पळवत. दारं मागून येतील, असं ठेकेदार बोलून गेला त्याला आठ महिने झाले होते. कॉम्प्युटरात मात्र अडतीसच्या अडतीस घरांपुढे हिरवी खूण होती, आणि ती रत्नाच्या बोटाने उमटली होती.

शेजारीण समजुतीने म्हणाली की अक्का, जाऊ दे, ती बाई तरी काय करणार, तिला वरून सांगतात तसं ती करते.

"तिले काय शे?" भागाबाई म्हणाल्या. "तिना घरले दार शे."

हे खरं होतं. पिंप्राळ्यात रत्नाच्या दोन खोल्यांना चांगलं सागवानी दार होतं. त्या दाराआड नवरा पलंगावर होता; तीन वर्षांपूर्वी गोदामात पोतं उचलताना कंबर गेली ती परत आली नव्हती. पगार आणणारं माणूस एकटी रत्ना. तोही कराराचा पगार. दर अकरा महिन्यांनी योगराज साहेब सही करत, तेव्हा कुठे तिला पुढचे अकरा महिने झोप लागे. या खेपेची सही एकतीस तारखेला होती, आणि आज सव्वीस.

तरी कचेरीत इंग्रजी लिहिणारी ती एकटीच. बारावीला नापास झालेली बाई, पण रद्दीतून एक डिक्शनरी आणली होती आणि ती तोंडपाठ केली होती. डिक्शनरी 'पी'पर्यंतच होती. पुढचे शब्द तिने औषधांच्या खोक्यांवरून आणि बँकेच्या पत्रांवरून गोळा केले. एखादा शब्द सापडला की ती त्याला उलटासुलटा करून बघे, भाजी घेताना भेंडी मोडून बघतात तशी. कचेरीत या सवयीचं कौतुक कुणाला नव्हतं.

दुपारी साहेबांनी तिला आत बोलावलं. उद्या मुंबईहून तपासणी येणार होती. मॅडम कडक आहेत, गावात जाऊन घरं बघतात, असं कळलं होतं. मॅडमना द्यायला एका पानाची नोट हवी होती, इंग्रजीत. साहेबांनी मजकूर सांगितला: सर्व अडतीस घरं कम्प्लीट आहेत.

"कम्प्लीट नको, साहेब," रत्ना म्हणाली. "फिनिश्ड लिहिते."

"का? फरक काय त्यात?"

"फिनिश्ड म्हणजे वाढणारीने हात धुतले. कम्प्लीट म्हणजे पंगतीत प्रत्येकाच्या पानात भरीत पडलं."

चहा घेऊन आलेला गिरधर शिपाई हसला, आणि साहेब हसले नाहीत हे बघून थांबला.

साहेबांनी विचारलं, बारावीला तुम्ही इंग्रजीतच गेला होतात ना? रत्ना म्हणाली, इंग्रजीत आणि भूगोलात. मग होल लिहा, टोटल लिहा, काय हवं ते लिहा, पण शब्दांचा कीस काढत बसू नका, असं साहेब म्हणाले. रत्नाने तिथे गप्प बसायला हवं होतं. पण शब्दाचा विषय निघाला की तिची जीभ आवरत नसे. तिने सांगितलं की होल म्हणजे केळीचा घड, ज्याचं एकही केळ अजून कुणी मोडलेलं नाही. टोटल नुसत्या मोजणीला. फुल म्हणावं काठोकाठ भरलेल्या हंड्याला. घराला यातलं काही लागत नाही.

साहेबांनी चहाचा कप बशीत ठेवला.

"एकतीसला तुमचा करार फिनिश्ड होणार की कम्प्लीट, बाई? तेवढं सांगा."

रत्ना बाहेर आली. भागाबाई अजून बाकावर होत्या. तिच्याकडे बघून त्यांनी तोंड फिरवलं. रत्नाने नोट टाइप केली, फिनिश्डच लिहिलं, आणि आत नेऊन दिली. साहेबांनी वाचली, "एकच तर आहे, उगाच अर्धा तास खाल्ला," म्हणाले, आणि सही केली.

संध्याकाळी पिंप्राळ्याला येईपर्यंत रत्ना स्वतःवर खूश होती. नोकरी शाबूत राहिली होती आणि खोटंही लिहावं लागलं नव्हतं. एका शब्दाच्या आडोशाला दोन्ही गोष्टी बसल्या होत्या. रिक्षातून उतरता उतरता तिला जानेवारीतला फोटो आठवला आणि ती खुशी तिथेच उतरली.

नियम असा होता की घरमालकाने बंद दारासमोर उभं राहायचं, तो फोटो कॉम्प्युटरात चढवायचा, मग हिरवी खूण. ठेकेदाराकडे दार एकच होतं, कुठल्याशा जुन्या घरातून काढलेलं. ते टेम्पोत घालून त्याच्या माणसांनी दोन दिवसांत सगळं गाव फिरवलं. दार चौकटीला टेकवायचं, माणूस उभा करायचा, फोटो काढायचा, दार पुढच्या घरी. फोटो नसेल तर घरच रद्द होईल, असं सांगितल्यावर लोक मुकाट्याने उभे राहिले. भागाबाईही राहिल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन.

कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. बोलत कुणी नव्हतं. पण त्याच गावच्या नजीरभाईंचा फोटो आला तेव्हा रत्नाला तो साहेबांकडे न्यावाच लागला. पांढरी टोपी घातलेले नजीरभाई, शेजारी ओढणी सावरत त्यांची बायको सकीना, दोघंही पोलीस चौकीत उभं केल्यासारखी ताठ, आणि त्यांच्या डोक्यांवर दाराच्या फळीवर लाल ऑइलपेंटमध्ये ठसठशीत 'शुभ लाभ'. साहेब म्हणाले, वरचं कापा. रत्नाने कापलं. अक्षरांबरोबर नजीरभाईंची अर्धी टोपीही गेली.

दुसऱ्या दिवशी अकराला जीप गावात शिरली. फाइल सांभाळायला रत्नाही मागे बसली होती. साहेबांनी मॅडमना पहिल्या आळीत न्यायचं ठरवलं होतं. मॅडमनी यादी मागितली, मधेच बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हे घर दाखवा. ते नजीरभाईंचं निघालं. साहेबांनी मॅडमना चहाला थांबवलं. गिरधर मोटारसायकल काढून सुटला, आणि त्याच्यामागून ताडपत्री घातलेला टेम्पो.

मंडळी नजीरभाईंच्या घराशी पोचली तेव्हा दार जागेवर होतं आणि त्याला पाठ लावून सकीना उभी होती. गिरधर घाम पुसत होता. लाल अक्षरं दिसू नयेत म्हणून त्याने दार उलटं बसवलं होतं. आतून लावायची कडी आणि शर्ट अडकवायची खुंटी, दोन्ही रस्त्याकडे.

मॅडम खुंटीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी नजीरभाईंना विचारलं, शर्ट तुम्ही बाहेर अडकवता का?

"कधी कधी," नजीरभाई म्हणाले.

साहेबांनी घाईने सांगितलं की इकडे उन्हाळा फार, कपडे बाहेरच वाळवतात. आजूबाजूला निम्मं गाव जमलं होतं. कुणी हसलं नाही. मॅडमनी सकीनाला विचारलं, घर पूर्ण मिळालं ना, काही राहिलंय का? सकीनाने साहेबांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"सब हुआ, मॅडम," ती म्हणाली. "काही नाही राहिलं."

गर्दीतून सगळ्यांनाच टोमणा मारत भागाबाईंचा आवाज आला, "दारले नही, तोंडले कुलूप शे बठ्ठासना." साहेबांनी वळून बघितलं, तशी भागाबाईंच्या शेजारची माणसं त्यांच्यापासून जरा दूर सरकली. भागाबाईंनी पदर पुढे ओढला. त्यांचाही फोटो होता.

मॅडमनी फाइलमधली नोट काढली.

"ही कुणी लिहिली? बाकी सगळ्या गावांच्या नोटमध्ये कम्प्लीट आहे. इथे फिनिश्ड का?"

"आमच्या बाईंचं इंग्रजी घरगुती आहे, मॅडम," साहेब हसून म्हणाले. "दोन्ही एकच." आणि हसू तसंच ठेवून त्यांनी रत्नाकडे पाहिलं.

गिरधर खाली मान घालून उभा होता. रत्नाच्या तोंडात उत्तर तयार होतं. पंगत, वाढणारी, भरीत. सांगितलं असतं तर मॅडम कदाचित हसल्या असत्या, कदाचित समजून घेतलं असतं, कदाचित नसतंही; एकतीस तारखेला धक्का लागला नसता. ती सांगणारही होती. पण तिचं लक्ष सकीनाच्या पायांकडे गेलं. दार दोनच स्क्रूंवर लटकत होतं. ते पडू नये म्हणून सकीनाने टाचा मातीत रोवल्या होत्या आणि सगळं अंग मागे रेटून ती ते ओझं पाठीवर धरून होती. तिच्या ओठावर घाम आला होता, आणि तो पुसायला तिला हात सोडवत नव्हता.

"शब्दाचं राहू द्या, मॅडम," रत्ना म्हणाली. "हे दार यांचं नाही. अडतीस घरांत मिळून हे एकच दार आहे. हेच फिरवून सगळे फोटो काढले. कुणाच्याच घराला दार नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. यांचा फोटो मी माझ्या हाताने कापला, आणि खुणाही मीच केल्या."

सकीनाने दारावरची पाठ काढून घेतली.