टाचणीच्या मागच्या पायांची बोटं

टाचणी तिसऱ्यांदा जाळीच्या पडद्यात अडकली, तेव्हा पडदेवाल्या बाईंनी कात्री खाली ठेवली आणि मनाशी ठरवून टाकलं, आता एक घाव दोन तुकडे. हे बोट काढायचंच.

टाचणी म्हणजे त्यांची कुत्री. असेल मांजराएवढी. कुठे पडलीय ते दिसायचं नाही, पायाखाली आली की कळायचं, म्हणून हे नाव. तिच्या मागच्या दोन्ही पायांना, आतल्या बाजूला जरा वर, एकेक जादा बोट लोंबत होतं, नखासकट. ना जमिनीला टेकायचं, ना कशाच्या कामाचं. आणि घर हे असं पडदे शिवणाऱ्यांचं, चहूकडे कापडच कापड! जाळीचं कापड आलं की नख गुंतलंच म्हणून समजा. पहिल्या वेळी नख उचकटलं, दुसऱ्या वेळी रक्त आलं. आज तर बोट मुळाशीच फाटलं होतं आणि बिचारीने ओरडून घर डोक्यावर घेतलं होतं.

बाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि बोटावर कापूस दाबून धरला.

"डॉक्टरीणबाई मागच्याच खेपेला म्हणाल्या होत्या," त्या म्हणाल्या, "मागच्या बोटांत हाडच नाही, नुसती कातडीवर लटकलीत, काढून टाका. पुढच्या पायांची राहू देत, ती तिच्या कामाची आहेत. तुम्हीच भिजत घोंगडं ठेवलंत."

हे खिडकीपाशी बसलेल्या नवऱ्याला होतं. जन्मभर बस चालवली म्हणून सगळी गल्ली त्यांना ड्रायव्हर म्हणायची.

"कापायचं नाही," ड्रायव्हर म्हणाले. "जन्माबरोबर आलंय, असू दे."

"नखंही जन्माबरोबरच आली, ती का कापता मग?"

"नाही म्हणजे नाही."

हट्टाला औषध नसतं, पण हा नुसता हट्ट नव्हता, हे बाईंना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजारात ड्रायव्हरांच्या डाव्या पायाचा अंगठा गेला. क्लचचा पाय. गाडी सुटली ती सुटलीच, आणि पायात मोजे आले ते आलेच. उन्हाळा असो, झोप असो, मोजे निघायचे ते न्हाणीघरात, दार लावून. पट्टी बदलायलासुद्धा ते दवाखान्यात जायचे. बायकोलादेखील पाय दाखवला नाही.

"तुला कापायची सवयच लागलीय," ड्रायव्हर एकदम बोलून गेले. "माझ्या वेळीही तूच हो म्हणालीस. मी तापात पडलेला, आणि तू त्या सर्जनला सांगून मोकळी, कापा! मला विचारलंस तरी का?"

दोन वर्षं हा माणूस मूग गिळून बसला होता, आणि तोंड उघडलं ते कुत्रीच्या नखावरून! बाईंचे डोळे भरून आले, आणि भरून आले म्हणून त्यांना आणखीच राग आला. पण कापसावरचा हात काही हलला नाही.

"विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "रोज विचारत होते. तुम्ही आज बघू, उद्या बघू करत बसलात. शेवटी विचारायला तुम्ही शुद्धीवरच नव्हतात. मग हो म्हणाले. मीच म्हणाले! पुन्हा वेळ आली तर पुन्हा म्हणेन, मग जन्मभर बोलला नाहीत तरी चालेल. अंगठा गेला, तुम्ही राहिलात. मला काय अंगठ्याशी संसार करायचा होता?"

बाईंनी टाचणीचा पाय त्यांच्याकडे वळवून धरला.

"आता इकडे या, हिचा पाय बघा आणि सांगा. नको म्हणताय ते हिच्यासाठी, की तुमच्यासाठी? हिच्यासाठी म्हणत असाल तर मी ऐकते."

ड्रायव्हर उठून आले. इतके दिवस त्यांनी ते बोट नीट पाहिलंच नव्हतं. कापूस उचलून त्यांनी पाहिलं, आणि टाचणी त्यांच्या मनगटाला नाक लावून कण्हत राहिली.

"अगं, हे तर नुसतं लोंबतंय."

"मग मी इतका वेळ काय सांगतेय?"

"भूल सोसेल का हिला? एवढीशी तर आहे."

"तीच भीती मलाही आहे. ते डॉक्टरीणबाईंना आधी विचारू. पण भीती वाटते म्हणून घरात बसायचं नाही. आणि एका भुलीत दोन्ही. दुसरं फाटायची वाट नाही बघायची."

"पुढच्या बोटांना हात लावायचा नाही, हे मात्र मी सांगणार," ड्रायव्हर म्हणाले आणि सँडल घालायला लागले.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी टाचणीची छाती तपासली, सोसेल म्हणाल्या, आणि तिला आत नेलं. दोघं बाकावर बसून राहिले. ड्रायव्हरांचा उजवा पाय मात्र मधूनमधून ब्रेक दाबत होता.

टाचणी बाहेर आली ती झिंगलेली, मागच्या दोन्ही पायांना पट्ट्या.

"छान झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तरतरी आली की ही चाटून चाटून पट्ट्या सोडवणार. वरून मोजे चढवायला हवेत. जुनेपुराणे कसलेही चालतील. आणलेत का?"

मोजे कोण आणणार? बाई पिशवीत कापडाचे तुकडे चाचपू लागल्या. तेवढ्यात ड्रायव्हर वाकले. सँडलचा पट्टा सोडला आणि उजवा मोजा काढला. मग थोडा वेळ तसेच बसले. समोर मांजर घेऊन आलेली एक बाई होती, दारात आणखी दोघं होते. ड्रायव्हरांनी डावा मोजाही काढला.

"धुतलेले आहेत, सकाळीच घातलेत," ते म्हणाले.

मोजे टाचणीच्या पार मांडीपर्यंत गेले. बाईंनी ते नाडीने हलकेच बांधले, आणि उठता उठता त्यांची नजर नवऱ्याच्या पायाकडे गेली. ड्रायव्हरांनी पाय मागे घेतला नाही. जन्म शिवण्यात गेलेली बाई ती, वाकून नीट बघितल्याशिवाय थोडीच राहणार!

"टाके सरळ घातलेत हो," त्या म्हणाल्या.

"घालणारच. हो कोण म्हणालं होतं?" ड्रायव्हर म्हणाले, आणि टाचणीला छातीशी धरून, उघड्या पायांत सँडल अडकवून रस्त्याला लागले.