एक सप्तक खाली

मी जन्मापासून आंधळी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी हळहळायला नको. पियानो वाजवते आणि चांगला वाजवते. माझी पद्धत अशी की, नवी रचना आधी बोटांनी ब्रेलमध्ये वाचायची, एकेका हाताची ओळ पाठ करायची आणि मगच पट्ट्यांना हात लावायचा. मशीनवर ऐकून शिकणं म्हणजे पोपटपंची, हे मास्तरांनी लहानपणीच माझ्या डोक्यात भरवलं होतं.

ब्रेलची पानं दादा करून द्यायचा. छापील नोटेशनच्या फायली ब्रेलमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर त्याने माझ्यासाठीच लिहायला घेतलं आणि त्यापायी नोकरी गेली, ठरत आलेलं लग्न गेलं, डोक्यावरचे केसही गेले. आई म्हणायची, "एकीला काही दिसत नाही आणि दुसऱ्याला दुसरं काही दिसत नाही."

संगीत शाळेत साथीदाराची कायमची जागा निघाली. गाणाऱ्या, व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलांना पियानोची साथ करायची. मला ती जागा हवीच होती. लोकांच्या समारंभांत कोपऱ्यात बसून वाजवायचा मला वीट आला होता. "बिचारी किती छान वाजवते!" हे पुन्हा ऐकलं असतं तर मी कुणाचा तरी गळा धरला असता. परीक्षेसाठी शाळेने तिथल्याच एका संगीतकाराकडून नवीकोरी रचना लिहून घेतली होती. ती आधी कुणी ऐकलेलीच नव्हती. फाईल आली, दादाने ती ब्रेलमध्ये बदलली, मी वाचायला बसले.

मधल्या भागात दोन्ही हात एकमेकांच्या अंगावर येत होते.

"दादा, काही चुकलंय का रे? डावा हात उजव्याच्या तळव्याखाली घुसतोय."

"थांब, बघतो." शेजारच्या खोलीत त्याने हेडफोन लावून कॉम्प्युटरवर सगळी रचना ऐकली आणि परत आला. "अगदी बरोबर आहे गं. कुठेच खटकत नाही. तुला ऐकवू?"

"नको. माझं मी वाचते."

नव्या संगीतकारांचा काही नेम नसतो, असं म्हणत मी कामाला लागले. मनगट उचलून, बोटांत बोटं ओवून तो भाग बसवला. हात इतके भरून यायचे की आई जेवताना भाकरी मोडून द्यायची. शेवटी तो भाग सफाईने यायला लागला, तेव्हा मी स्वतःवर जाम खूश होते. हे दुसऱ्या कुणाला जमायचं नाही, असं मला वाटत होतं.

परीक्षेच्या खोलीत लाकडाच्या पॉलिशचा वास होता. समोर शाळेच्या मुख्य बाई आणि ते संगीतकार, माझ्या उजवीकडे, ज्याला साथ करायची तो व्हायोलिनवाला. दादा मागे भिंतीशी बसला होता. सुरुवात झकास झाली. मधला भाग आला आणि व्हायोलिन थांबलं.

"डावा हात इतका वर का घेताय?" संगीतकारांनी विचारलं.

"असंच लिहिलंय."

"अहो, लिहिलंय मी." ते हसले. "तिथे खाली तुटक रेघ आहे. डाव्या हाताचं सगळं एक सप्तक खाली वाजवायचं."

माझ्या पानांवर तसली कुठलीच खूण नव्हती. मागे दादाची खुर्ची करकरली.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "ती रेघ दोन पानांवर पसरलीय, म्हणून सॉफ्टवेअरने सोडून दिली. मी ऐकून तपासलं, पण कॉम्प्युटर ब्रेल नाही, मूळ फाईलच वाजवत होता. ब्रेल मला सलग वाचता येत नाही."

"मी आत्ता खाली वाजवते," मी म्हटलं आणि डावा हात खाली नेला. थोडं जमलं. मग हात आपणहून वर चढला आणि उजव्यावर आदळला. पुन्हा खाली नेला, पुन्हा तेच.

"पुरे," बाई म्हणाल्या. आवाज मायेचा होता, तेच वाईट. "तुमच्या वाजवण्याबद्दल शंकाच नाही. हे असलं बसवलंत, कमाल आहे तुमची. पण इथे दर आठवड्याला नवी पानं येतात. ती तुम्हाला कोण करून देणार? आणि तपासणार कोण?"

त्यांना खरंच उत्तर हवं होतं. सराव कमी पडला असं मी खोटं सांगितलं असतं, तर कदाचित पुन्हा बोलावलं असतं. दादा खरं बोलला आणि विषय संपला. त्या क्षणी मला त्याचा मनापासून तिरस्कार वाटला.

बाहेर बाकावर बसलो.

"दुरुस्ती अर्ध्या दिवसाची आहे गं," तो म्हणाला.

"कर ना. जगातल्या सगळ्या आंधळ्यांना वाटत सूट."

आत पुढच्या उमेदवाराने वाजवायला घेतलं होतं. मधला भाग आला. डावा हात खूप खाली, संथ चालत होता आणि उजवा वर एकटाच, मोकळा. त्यात अवघड असं काही नव्हतं. माझ्या शिकवणीतल्या पोरींनीही वाजवलं असतं.

"तू ऐकलं होतंस ते हेच?" मी विचारलं.

"हो."

"छान आहे रे," मी म्हटलं आणि मग मला रडू आवरेना.