पैकीच्या पैकी

परीक्षेत मार्क कमी पडणं म्हणजे वीणाताईंना नाक कापल्यासारखं वाटे. बँकेत बढतीच्या परीक्षा देत देत सोलापूर सुटलं, लखनौ गाठलं, इथेच त्या निवृत्तही झाल्या, पण खोड काही गेली नाही. डोळ्यांच्या चाचणीतसुद्धा बाईंना पैकीच्या पैकीच हवे!

काचबिंदू निघाल्यापासून गोमती नगरच्या दवाखान्यात ती चाचणी नेमाने व्हायची. अंधाऱ्या खोलीत यंत्राच्या पांढऱ्या वाटीत बघायचं आणि कुठे बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. बराच वेळ ठिपका दिसला नाही की वीणाताईंचा जीव खालीवर होई. चमकला असणार, आपलंच लक्ष नव्हतं, असं म्हणून त्या अंदाजाने दाबून टाकत. रिपोर्ट झकास येई. त्याच्याच जोरावर त्या आलमबागपर्यंत स्वतः गाडी चालवत आणि डॉक्टर रस्तोगींनी सुचवलेलं ऑपरेशन पुढे ढकलत.

मग दवाखान्यात स्कॅनचं नवं यंत्र आलं. हनुवटी टेकवायची, समोरच्या खुणेकडे बघायचं, झालं.

"हे तर काही विचारतच नाही रे," वीणाताई सोबत आलेल्या मुलाला, यशला म्हणाल्या.

"अच्छा है ना, आई," यश म्हणाला.

आज डॉक्टरांनी वर्षभरातली स्कॅन पडद्यावर शेजारी शेजारी लावली. उजव्या डोळ्याच्या नसेचा थर दर खेपेला पातळ झालेला. पुढे संगणकाने एक तुटक रेघ काढली होती, असंच चाललं तर काय होईल त्याची. ती पार तळाला गेली होती.

"टेस्ट म्हणते सगळं दिसतंय, स्कॅन म्हणतं नस झिजलीय," डॉक्टर हिंदीत म्हणाले. "आंटीजी, सच बताइए, बटन कभी अंदाज़े से दबाती हैं?"

वीणाताईंनी पदर सारखा केला. "हाँ."

चाचणी पुन्हा झाली. या वेळी त्यांनी दिसलं तेव्हाच दाबलं. कागदावर उजव्या डोळ्याचा वरचा भाग काळाठिक्कर उमटला. गेलं ते परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन वेळेवर झालं असतं तर यातलं बरंच वाचलं असतं. उरलेल्यासाठी पुढच्या आठवड्यात ऑपरेशन ठरलं. गाडीची किल्ली यशच्या खिशात होती, ती त्यांनी मागितली नाही.

हा आजार घराण्यात उतरतो, म्हणून डॉक्टरांनी चाळिशीच्या यशलाही चाचणीला बसवलं. "मेरी आँखें एकदम फर्स्ट क्लास हैं," म्हणत तो आत गेला.

वीणाताई दाराबाहेर बसल्या. आतून बटणाचा आवाज येत होता. टक. टक. मग बराच वेळ काही नाही, आणि एकदम घाईघाईने, टक टक.

ती घाई त्यांच्या चांगलीच ओळखीची होती. "मॅडम, अंदर नहीं," असं कुणी म्हणेपर्यंत त्यांनी दार ढकललंसुद्धा.

"यश, दिसेल तेव्हाच दाब!" त्या ओरडल्या. "नापास झालास तरी चालेल रे."